चेहरा वेगळ्या कागदावर

अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये व्यक्तिचित्र काढून घेणे हा प्रतिष्ठेचा व्यवहार होता आणि त्या प्रतिष्ठेचा बराचसा भार रेशमाने, लेसने व भोवती मांडलेल्या वस्तूंनी उचललेला असे. मॉरिस कांतँ द ला तूर (१७०४–१७८८) याचे माध्यम पेस्टल, म्हणजे रंगाची पूड अगदी थोड्या डिंकात मळून केलेला खडू. तो कागदाला घट्ट धरत नाही, धक्क्याने झडतो, म्हणून चित्र काचेखाली ठेवावे लागते, आणि त्या काळी मोठी काच महाग असल्याने चित्राच्या आकारावरूनच घराची ऐपत कळे.

१७५५ च्या सालोंमध्ये, म्हणजे राजाश्रित अकादमीच्या पॅरिसमधील प्रदर्शनात, लागलेले मादाम द पाँपादूरचे पेस्टल सुमारे पावणेदोन मीटर उंच आहे. सावकारी वर्तुळातल्या बिगर-सरदारी घरात जन्मून १७४५ मध्ये मार्कीझ झालेल्या या राजप्रेयसीच्या अंगावर ला तूरने दागिना दाखवला नाही. हाती संगीताची वही दिली आणि टेबलावर माँतेस्क्यूच्या ग्रंथाशेजारी दिदरोच्या विश्वकोशाचा खंड ठेवला, ज्याच्या पहिल्या दोन खंडांवर १७५२ मध्ये राजाच्याच मंत्रिमंडळाने बंदी घातली होती. जन्माने न दिलेले स्थान विद्येच्या बळावर मागणारे इतके धीट चित्र त्या दरबारात दुसरे क्वचितच सापडेल.

तरीही रेखाटनाची सवय असलेली नजर आधी जोडावर जाते, कारण चेहरा वेगळ्या कागदावर काढून मोठ्या कागदात बसवलेला आहे. चेहरा समोर बसलेल्या माणसावरूनच साधावा लागतो, आणि कागदाचे दाणे पुडीने भरले की नवा खडू घसरू लागतो, त्यामुळे दुरुस्तीला फार वाव उरत नाही. पोशाख मात्र सवडीने करता येतो. सँ-कांतँ या ला तूरच्या जन्मगावी जपलेल्या अभ्यासचित्रांत तर पोशाख जवळजवळ नाहीच: केसांची कड अर्धवट सोडलेली, मान दोन फटकाऱ्यांत संपवलेली, गालावरच्या तिरप्या रेघा बोटाने न पुसता राहू दिलेल्या. पाँपादूर आणि ऑपेरातील गायिका मारी फेल यांच्या जिवणीकडे तिथे सारख्याच निष्ठेने पाहिलेले आहे, आणि या कलेचा खरा कस त्याच कागदांवर लागतो.

ओर्लेआँच्या ड्यूकच्या पदरी असलेला, चांभाराचा मुलगा कार्माँतेल याने उलट वाट धरली. त्याने माणसे पूर्णाकृती आणि बहुधा एका बाजूने रेखाटली, ज्यामुळे दर्जा बसण्याउठण्याच्या ढबीतून दिसतो, पण राजपुत्र आणि घरातले नोकर या दोघांनाही त्याने तीच मांडणी दिली.