दहाव्या क्रमांकावरचा आपला संघ

केलगेरीहून बेंगळुरूचं कांतीरवा मैदान चारशे किलोमीटरहून लांब. तरी आमच्या घरात बेंगळुरू एफसीचे दोन निळे शर्ट आहेत, एक माझा आणि एक तेरा वर्षांच्या लेकीचा. 2013 साली सुरू झालेल्या या क्लबने पहिल्याच मोसमात आय-लीग जिंकली. 2016 मध्ये एएफसी कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. असा संघ कुणालाही आवडेल. 2023-24 च्या आयएसएल मोसमाने मात्र आमची परीक्षा घेतली.

पहिल्याच सामन्यात कोचीत 1-2 अशी हार. दुसरा सामनाही गेला. 8 डिसेंबरला मुंबई सिटीने कांतीरवावर येऊन 4-0 असं हरवलं आणि लगेच प्रशिक्षक सायमन ग्रेसन यांना निरोप मिळाला. त्यांच्या जागी जेरार्ड सारागोसा आले.

त्या 4-0 च्या रात्री लेकीने विचारलं, "बाबा, आपण मराठी ना? मग आपली टीम मुंबई का नाही?" वर पुरावाही दिला. 2019 च्या अंतिम सामन्यात जादा वेळेत हेडर मारून बेंगळुरूला विजेतेपद मिळवून देणारा राहुल भेके आपला मुंबईचा मुलगा, आणि तोसुद्धा आता मुंबईकडूनच खेळतो!

प्रश्न फुटबॉलपुरता नव्हता. माझे आजोबा नोकरीसाठी धारवाडला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. पाहुणे आम्हाला 'कर्नाटकवाले' म्हणतात, इथे कुणी नवीन भेटला की 'महाराष्ट्रवाले' म्हणतो. लेकीलाही आता ते कळू लागलं होतं. मी एवढंच म्हणालो, "मोसम संपू दे, मग तूच ठरव."

दर सामन्याला शेजारचे कन्नड काका आमच्याकडे यायचे, बरोबर गिरमिट आणि मिरची भजी. हरलो की ते "इरली बिडु", म्हणजे असू दे, म्हणून उठायचे आणि पुढच्या सामन्याला पुन्हा हजर. हरणाऱ्या संघाचा सामना एकट्याने बघवत नाही, पण तिघं असले की दुःख वाटून घेता येतं.

2 मार्च 2024 ला, शनिवारी, केरळ ब्लास्टर्सविरुद्धच्या सामन्याला मी लेकीला घेऊन बेंगळुरूला गेलो. पाहुण्यांचे पिवळे शर्टही बरेच होते. गोल काही होत नव्हता. 89 व्या मिनिटाला हावी हर्नांडेझने गोल केला आणि शेजारच्या अनोळखी मुलींनी आमच्या लेकीला मिठीच मारली. ती त्यांच्याशी कन्नडमध्ये ओरडत होती आणि मध्येच वळून मला मराठीत सांगत होती. सामना संपल्यावर धावतपळत रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस गाठली. सकाळी धारवाड स्टेशनवर उतरलो तेव्हा दोघांचाही आवाज बसला होता.

मोसम काही सुधारला नाही. 22 सामन्यांत 22 गुण, बारा संघांत दहावा क्रमांक. घरच्या शेवटच्या सामन्यात मोहन बागानने 4-0 असं धुतलं. मे महिन्यात भेकेच्या नेतृत्वाखाली मुंबईने करंडक उचलला. आमच्या घरी त्यासाठी टाळ्या वाजल्या, कारण मुंबईचं कौतुक आहेच. मग लेकीने निळा शर्ट घडी घालून कपाटात ठेवला आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी हा लहान होईल, मोठा घ्यावा लागेल." ठरवलं होतं ते तिने असं सांगितलं.

पुढच्या मोसमात भेके बेंगळुरूला परतला, चाळिशीतल्या सुनील छेत्रीने 14 गोल केले आणि संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. 12 एप्रिल 2025 ला कोलकात्यात मोहन बागानकडून जादा वेळेत 1-2 असे हरलो. काका उठायच्या आत लेकच म्हणाली, "इरली बिडु, काका."