चांदणीचा मुक्काम

दिवसा तिच्याकडं कुणी ढुंकूनही पाहत नाही. लाल जाड कागद, सात टोकं, अंगभर बारीक भोकं आणि भोकांच्या मागून चिकटवलेला पिवळा जिलेटिनचा कागद. सातातलं एक टोक कायमचं दुमडलेलं. संध्याकाळी पोटात दिवा लागला की मात्र बाईंचा थाट बदलतो. भिंतीवर, कॉटच्या दांडीवर वाळत टाकलेल्या टॉवेलवर, ड्रॉइंग शीटवर तिचे ठिपके पसरतात. मग दारातून आलेला माणूस आधी वर पाहतो, नंतर आमच्याकडं. या खोलीत आमचा नंबर दुसरा, हे तिनं पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं.

खोली लोणेऱ्याची. माणगाव तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गालगत, १९८९ साली स्थापन झालेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, त्याच्या हॉस्टेलातली. तीन कॉट, तीन टेबलं, एक खिडकी. हॉस्टेलात माणसाला नाव नसतं, गाव असतं. आम्ही तिघं म्हणजे कोर्लई, हमरापूर आणि धरमतर. धरमतर मी.

चांदणी आली कोर्लईच्या ट्रंकेतून. मूळची ती माहीमच्या कंदील गल्लीतली. त्याच्या मावशीनं तिथून घेतलेली, दोन-चार नाताळ घरी काढलेली, आणि नवा मोठा स्टार आल्यावर पोराबरोबर हॉस्टेलात रवाना झालेली. थोडक्यात, तीही आमच्यासारखीच घरातून बाहेर पडलेली. फरक इतकाच, की तिनं कधी घरच्या जेवणाची आठवण काढली नाही.

भिंतीला खिळा मारायचा नाही, हा हॉस्टेलचा पहिला नियम. म्हणजे सजावट करायची ती बांधून, टेकवून किंवा लटकवून. चांदणीला हे बरोबर मानवतं. खिडकीचा एक गज आणि हातभर सुतळी एवढीच तिची मागणी. पुस्तक उघडतात तशी तिला उघडायची, फिरवून गोल करायची आणि पहिली व शेवटची पाकळी दोऱ्यानं घट्ट बांधायची. गाठ सैल राहिली तर मध्यरात्री केव्हातरी ती आपण होऊन मिटते आणि सकाळी खिडकीत नुसती लाल पट्टी लोंबत असते. डिसेंबरच्या पहाटे बाहेर दव पडायला लागलं की तिचा कागद नरम पडतो, टोकं खाली झुकतात. दहा वाजेतो उन्हं खिडकीत आली की पुन्हा ताठ. हमरापूर म्हणायचा, हिला सकाळची लेक्चर्स जमत नाहीत.

तिची नेमणूक वसुबारसेला व्हायची. समोरच्या खोलीत काड्यांचा, करंज्या लावलेला, झिरमिळ्या सोडलेला अस्सल कंदील असायचा. तिथल्या एका सीनियरनं आम्हाला ऐकवलंच, ‘दिवाळीला स्टार कसला लावता रे?’ त्याच माणसानं डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात विचारलं, ‘दिवाळीचा कंदील अजून उतरवला नाहीत?’ चांदणीनं दोन्ही वेळा तितकाच उजेड दिला. मुंबईतल्या दुकानांत ऑक्टोबरमध्ये ती कंदिलांच्या रांगेत असते, डिसेंबरमध्ये त्याच खुंटीवर स्टार म्हणून असते. दुकानदाराला यात काही वावगं वाटत नाही आणि मला वाटतं या बाबतीत दुकानदार सीनियरपेक्षा शहाणा.

शिवाय हॉस्टेलवर तिचा हक्क जुना आहे. कागदाची दिव्याची चांदणी जर्मनीतल्या निस्की नावाच्या गावी, मोरावियन ख्रिस्ती पंथाच्या मुलांच्या निवासी शाळेत १८३० च्या दशकात घडली. भूमितीच्या तासाला. घनाकृती समजावी म्हणून पोरांच्या हाती कागद, कात्री आणि डिंक दिला आणि त्यातून अनेक टोकांचा तारा निघाला. पुढं त्या शाळेत शिकलेल्या पीटर फरबेक नावाच्या पुस्तकविक्याला १८८० च्या सुमारास त्यात धंदा दिसला. हेर्नहूट गावात ताऱ्यांचा कारखाना झाला, आणि तारा जगभर गेला. आमची सात टोकांची त्या घराण्यातली थेट वारस नसेल, लांबच्या नात्यातली असेल. पण मूळपुरुष वर्गात जन्मला, हे कळल्यापासून ती ड्रॉइंग शीटवर ठिपके टाकते तेव्हा मला ते नक्षीऐवजी तपासणीच वाटायला लागलं.

ते दुमडलेलं टोक आणि शेजारचा तपकिरी डाग ही आमची कामगिरी. पहिल्या वर्षी आत चाळीस वॉटचा साधा बल्ब सोडला होता. तासाभरात जळका वास. नंतर झिरोचा बल्ब आला. हा झिरो नावापुरताच. बारा-पंधरा वॉट खातो आणि बोट लावलं तर चांगला चटका देतो. शेवटी अर्ध्या वॉटचा एलईडी बसवला, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. चकाकणाऱ्या, दर चार सेकंदांनी रंग बदलणाऱ्या माळा आम्हीही एकदा आणल्या होत्या. त्यांच्याखाली बसून कुणी गप्पा मारून दाखवाव्यात. डोळे मिचकावत राहणाऱ्या माणसाशी बोलणं जितकं अवघड, तितकंच ते. चांदणी स्थिर असते, म्हणून तिच्याखाली माणसं टिकतात.

मला तिची किंमत जरा उशिरा कळली. धरमतरला दिव्यांचं कौतुक नाही. अंबा नदीच्या खाडीत रात्रंदिवस बार्ज येतात, जेट्टीवर कोळसा आणि लोहखनिज उतरतं, पलीकडं डोलवीचा पोलाद कारखाना. तिथं रात्रीही आभाळ तांबूस असतं. पुलावरून पेणकडं जाताना ते लांबून दिसतं. अंधार म्हणजे काय ते मी लोणेऱ्याला आल्यावर पाहिलं, आणि एवढ्याशा दिव्यानं खोली कशी भरते तेही.

कोर्लई मात्र घरचा सण घेऊनच आलेला. रेवदंड्यासमोर, कुंडलिकेच्या मुखाशी त्याचं गाव. १७४० मध्ये पोर्तुगीज चौल-कोर्लई सोडून गेले, त्यांची भाषा मराठीत मिसळून मागं राहिली. आईशी फोनवर तो त्या बोलीत बोलायचा आणि आम्हाला तीनच शब्द कळायचे: परीक्षा, पैसे, चांदणी. एका वर्षी पंचवीस डिसेंबरच्या पुढं-मागं पेपर होते, घरी जाणं जमत नव्हतं. तेव्हा त्यानं चांदणीखालच्या टेबलावर गोठा करायचं ठरवलं. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात माती घालून गहू पेरले. नवरात्रात घटाखाली पेरतात तसेच हे, हमरापूर म्हणाला, आणि पाणी घालायची जबाबदारी त्यानं आपणहून घेतली.

मूर्तींचं कामही अर्थातच त्याच्याकडं. पेण तालुक्यातलं हमरापूर आणि शेजारचं जोहे म्हणजे गणपतीच्या कारखान्यांची गावं. सुट्टीत हा तिथं डोळ्यांच्या आखणीला बसायचा. त्यानं घरून शाडू आणला आणि दोन रात्रींत मारिया, योसेफ, बाळ, एक गाय आणि तीन राजे उभे केले. हात गणपतीचा, त्यामुळं बाळयेशूचं पोट गोल आलं, योसेफाला मावळ्याच्या मिशा आल्या आणि सगळ्यांचे डोळे तसेच, प्रसन्न, खाली झुकलेले, जणू आता मोदक मिळणार. कोर्लईनं बराच वेळ पाहिलं आणि एवढंच म्हटलं, ‘उंदीर नाही केलास हे नशीब.’ टोकाजवळ फाटलेला कागदही हमरापूरनंच पतंगाच्या कागदानं सांधला. ते ठिगळ शोधायला दिवसा उजेडात जावं लागतं.

सहा जानेवारी, तीन राजांचा दिवस, ही तिची निवृत्तीची तारीख. प्रत्यक्षात तेव्हा खोलीत कुणीच नसायचं. जानेवारीत पेण-रोह्याकडं वालाच्या शेंगा भरतात आणि पोपटीचे बेत सुरू होतात. भांबुर्डीच्या पाल्यात गच्च भरलेलं मडकं उलटं करून शेतात जाळ घालायचा तर माणसं हवीत, म्हणून आम्ही तिघंही पहिल्या एसटीनं पसार. परतलो की कपड्यांना भांबुर्डीचा वास आणि खिडकीत चांदणी धूळ खात. मग ओल्या फडक्यानं पुसून तिला मिटायची आणि वर्षभरासाठी हमरापूरच्या गादीखाली सारायची. तो कुशीवर वळला की कागद कुरकुरायचा.

शेवटच्या वर्षी ती कुणी न्यायची यावरून वाद झाला. कोर्लईचा मालकी हक्क, हमरापूरची डागडुजी, माझा एलईडी. दोन दिवस चाललेला तंटा मिटेना, तेव्हा तिला खालच्या वर्गातल्या पोरांकडं सोपवली. अटी तीन घातल्या: चाळीसचा बल्ब नाही, रंग बदलणारा दिवा नाही, सहा जानेवारीच्या आत उतरवायची नाही. मावशी अजून दर नाताळला विचारते, ‘माझा तो लाल स्टार कुठं आहे?’ कोर्लई सांगतो, कॉलेजात आहे. आम्ही केव्हाच पास झालो. तिचं शिक्षण अजून चालू आहे, असं मावशीला वाटतं, आणि तिला खोटं ठरवायची कुणाची तयारी नाही.