मूठभर पांढरे दाणे

तापीपलीकडे अडाजणला आम्ही बिऱ्हाड थाटले ते 1985 सालच्या अखेरीस. घर भाड्याचे होते. परंतु मागल्या दारी दहा-बारा हात मोकळी जमीन होती, आणि गोव्याहून आलेल्या माझ्या आईस तेवढ्यानेही समाधान वाटले. ट्रंकेतून तिने सर्वांत आधी काय काढले असेल, तर तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्यांची पुरचुंडी. त्या फोंड्याकडील आमच्या अंगणातल्या वृंदावनातील होत्या. पुढल्या श्रावणापर्यंत सुरतेच्या मातीत ते रोप चांगले हातभर वाढले. रोज सकाळी त्यास पाणी घातल्यावाचून आई चहाचा पेला तोंडास लावीत नसे.

त्याच सुमारास हजिऱ्याला कृभकोचा अमोनिया-युरियाचा प्रचंड कारखाना नुकताच सुरू झाला होता. समुद्रातून निघालेला नैसर्गिक वायू नळांतून यावा आणि त्याचे शुभ्र दाणे होऊन शेतोशेती जावेत, या गोष्टीचे शहरास मोठे अप्रूप होते. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवीत असल्यामुळे मला तर ते अधिकच होते. एका परिचिताने डबाभर युरिया आणून दिला. तुळशीची पाने मला किंचित पिवळट वाटत होती. युरियात शेकडा 46 भाग नत्र असते, हे मी मुलांकडून पाठ करून घेत असे. मग विचार तो कसला करायचा? एक मूठ भरून कुंडीत टाकली आणि वर तांब्याभर पाणी ओतले.

चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. आठवड्याच्या आत तुळस उभ्या उभ्या वाळून गेली. कोणत्याही आईने रागवावे असाच तो प्रसंग होता, पण ती रागावली नाही. वाळलेल्या काड्या गोळा करता करता एवढेच म्हणाली, "झाडांकय जेवण जाय, पूण पोट फुटसर न्हय." मला त्या वेळी ते सरळ बोलणे शिक्षेहून अधिक लागले, कारण जो हिशेब मी फळ्यावर शंभर वेळा मांडला होता, तो कुंडीपाशी उभा असताना मांडला नव्हता.

त्या रात्री मी तो हिशेब केला. मूठभर युरिया म्हणजे सुमारे 50 ग्रॅम, आणि त्यात 23 ग्रॅम नत्र. तेवढे नत्र एरंडीच्या पेंडीतून द्यावयाचे तर अर्ध्या किलोहून अधिक पेंड लागेल. चांगल्या कुजलेल्या शेणखतातून द्यावयाचे तर साडेचार किलो खत लागेल. साडेचार किलो शेणखत कुंडीत घालण्याचे कोणाच्या मनात तरी येईल काय? शिवाय शेणखत महिनोन्महिने थोडे थोडे झिरपते. युरिया मात्र ओल्या मातीत काही दिवसांतच अमोनियाच्या रूपात मोकळा होतो, आणि मुळांभोवती क्षार दाटले की मुळांतलेच पाणी बाहेर ओढले जाते. भरल्या पाण्यात झाड तहानेने मरते, ते असे.

यावरून कोणी युरियास राक्षस ठरवू नये. 1909 साली जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी हवेतील नत्र हायड्रोजनशी जोडून दाखविले आणि 1913 साली ओपाऊ येथे त्याचा कारखाना उभा राहिला. त्या विद्येवाचून आज जगातील कोट्यवधी ताटे रिकामी राहिली असती. प्रश्न स्वस्ताईचा आहे. 45 किलोची गोणी शेतकऱ्यास 266 रुपये 50 पैशांना मिळते, कारण तिच्या खर्चाचा मोठा भाग सरकारी तिजोरी सोसते. ती सवलत शेतासाठी आहे. हा युरिया अन्य धंद्यांकडे वळू नये आणि मातीत सावकाश विरघळावा, म्हणून 2015 पासून त्यास कडुलिंबाच्या तेलाचा लेप देणे सक्तीचे झाले. आपल्या चार कुंड्यांसाठी शेतकऱ्याच्या गोणीत हात घालण्याचे कारणच काय?

आईस हे अर्थशास्त्र ठाऊक नव्हते, पण घरात फुकट असलेले नत्र तिला नेमके ठाऊक होते. मासळी धुतलेले पाणी ती गोव्यात माडास व कढीपत्त्यास घालीत असे. तुळशीस मात्र कदापि नाही, तेथे सोवळे आड येई. देवघरातील निर्माल्य वाळवून ती खड्ड्यात टाकी व वर शेणाचा काला शिंपी. चहाचा चोथा साखर जाईपर्यंत धुऊन मोगऱ्याला घाली. मोगऱ्याच्या बाबतीत तिचा हात विशेष आखडता असे. नत्र जास्त झाले की पाने माजतात आणि कळ्या रुसतात, हे तिने अनुभवाने जाणले होते.

सुरतेने या विद्येत दोन गोष्टींची भर घातली. पहिली दिवेली खोळ, म्हणजे एरंडीची पेंड. तिच्यात शेकडा चार-साडेचार भाग नत्र असते, आणि गुजरातेत एरंडाचे पीक उदंड. पण तिच्यात रायसिन नावाचे विष असते, म्हणून ती मातीत खोल पुरावी आणि पोते गाय-कुत्र्यांच्या तोंडास लागणार नाही असे ठेवावे.

दुसरी गोष्ट शेजारच्या बांनी दिली. तुळस वाळलेली पाहून त्यांनी काही न विचारता मूठभर पापडीचे बी आणून दिले आणि कुंपणाशी लावावयास सांगितले. हिवाळ्यात उंधियूत पडणारी हीच ती सुरती पापडी, आपल्या वालाची बहीण. 1888 साली बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने द्विदल झाडांच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू वेगळे करून दाखविले. हजिऱ्यात प्रचंड उष्णता व दाब देऊन जे साधते, ते हे जीवाणू कुंपणाशी ओल्या मातीत निमूट करीत असतात. मात्र नत्राचा बराचसा वाटा शेंगांबरोबर आपल्या ताटात येतो. म्हणून हंगाम सरल्यावर वेल उपटून फेकू नये, कापून तेथेच आच्छादन करावे आणि मुळे जमिनीत राहू द्यावी.

कार्तिकात तुळशीचे लग्न आले. मी खालमानेने बाजारातून रोप आणावयास निघालो, तेव्हा आईने मला थांबवून मागल्या दारी नेले. पुरचुंडीतल्या अर्ध्या मंजिऱ्या तिने राखून ठेवल्या होत्या. पापडीच्या वेलाच्या सावलीत वीतभर उंचीचे नवे रोप उभे होते. त्यास बांधलेला ऊस त्याच्या दसपट उंच दिसत होता, आणि बा व त्यांच्या सुना तोंडास पदर लावून हसत होत्या. आईने मात्र सर्व विधी यथासांग केले.

आई जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. त्या तुळशीच्या कितव्या पिढीचे रोप आज माझ्या दारी आहे, हे मोजणे मी सोडून दिले आहे. दरवर्षी अर्ध्या मंजिऱ्या पेरतो आणि अर्ध्या पुरचुंडीत बांधून ठेवतो.