'यील्ड' : फेडायचे देणे

महागावी एका स्नेह्यांच्या घरी आम्ही उतरलो असता त्यांच्या नातीने इंग्रजीचे पाठ्यपुस्तक आमच्यापुढे ठेवले. "काका, 'यील्ड' म्हणजे पीक देणे की शरण जाणे?" शब्दकोशात दोन्ही अर्थ होते. त्यांतला एक चुकून छापला असावा, असे तिला वाटत होते.

चूक नव्हती. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ 'फेडणे, चुकते करणे' असा होता. पैसा या अर्थाचा जर्मन शब्द 'गेल्ट' त्याच कुळातला. शेत आपल्या धन्याचे देणे धान्याने फेडते. पराभूत आपला हक्क जेत्याच्या स्वाधीन करतो. म्हणून दोघांनाही एकच क्रियापद. मराठीने मात्र हे अर्थ निरनिराळे ठेवले : पिकाचा उतारा वेगळा, हार मानणे वेगळे आणि समजुतीने पडते घेणे आणखी वेगळे.

आजोबा ऐकत होते. ते म्हणाले, "आमच्या चिलगव्हाणच्या करपे पाटलांनी हार मानली, असं लोक म्हणतात. ते खरं का?"

चिलगव्हाण महागाव तालुक्यातच आहे. तेथील शेतकरी साहेबराव करपे, त्यांची पत्नी आणि चार मुले यांचा १९ मार्च १९८६ रोजी वर्धा जिल्ह्यात अंत झाला. ती सहकुटुंब आत्महत्या होती. २०१७ पासून त्या दिवशी अनेक जण अन्नत्याग करून त्यांचे स्मरण करतात.

१९ मार्च हा आपल्या संत जोसेफ यांचा सण. कुटुंबासाठी राबणाऱ्या त्या सुताराचा आपण गौरव करीत होतो, त्याच दिवशी एका कुटुंबप्रमुखाची उमेद संपली.

आत्मघात हा मार्ग नव्हे, हे आम्ही ठामपणे मानतो. कोणाचा धीर सुटत असेल, तर वेळीच त्याच्याजवळ जाऊन बसणे हे शेजाऱ्याचे कर्तव्य आहे. पण 'हार मानली' एवढेच म्हटले की सारा दोष मृताच्या माथी बसतो आणि बाकीचे मोकळे होतात. पडते घेण्याची पाळी धनको, बाजार आणि स्वस्ताई मागणारे आपण, यांची कधीच नव्हती काय?

आम्ही मुलीच्या वहीत तिसरा अर्थ लिहून दिला : देणे फेडणे. आजोबा म्हणाले, "कोणी कोणाचं, तेही लिहा."

आज जेवणापूर्वीच्या प्रार्थनेत आपण सर्वांनी ते देणे आठवावे.