डबा कुणाचाही, हात कुणाचा?

येलहंका न्यू टाउन

चि. अनिकेत,


बेळगावची जुनी गाडी इकडे आणतो आहेस आणि तिला अलार्म बसवायचा आहे, हे वहिनींकडून कळलं. कंपनी कोणती घ्यावी, असं तू विचारलं आहेस. आपल्या नाशिकच्या ऑटोकॉपपासून अलार्मचे बरेच डबे बाजारात आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक नसतो. तो पडतो डॅशबोर्डखाली हात घालणाऱ्या माणसात.

बंगळूरात गाडीचं सामान म्हटलं की सगळे जे. सी. रोडकडे बोट दाखवतात. माल तिथे स्वस्त पडतो, पण येलहंक्यातल्या माणसाला अख्खं शहर ओलांडावं लागतं. अलार्म बोंबलतो तो मात्र रात्री दोनला, आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीचा सेक्रेटरी दारात उभा! म्हणून दोन पैसे जास्त घेणारा जवळचा कारागीरच बरा.

तो कसा ओळखायचा? त्याला आधी काम करताना बघावं. स्टिअरिंगखालचं पॅनेल काढल्यावर चांगला माणूस मल्टिमीटर हातात घेतो. भोंदू माणूस बल्बवाला टेस्टर दिसेल त्या वायरीत खुपसतो. एअरबॅगची वायर बहुतेक गाड्यांत पिवळ्या आवरणात असते. तिच्या वाटेला जो टेस्टर घेऊन जातो, त्याच्याकडून किल्ली परत घ्यावी. जोड कसा देतो तेही बघावं. नुसती वायर पिळून काळी टेप गुंडाळली, तर उन्हाळ्यात टेपचा चिकटा सुटतो आणि जोड उघडा पडतो. गाडीच्या मॉडेलला कपलर मिळत असेल तर कंपनीची वायर कापावीच लागत नाही. नसेल तर डाख देऊन वर हीटश्रिंक स्लीव्ह चढवायला दहा मिनिटं जास्त लागतात, एवढंच.

मग बॅटरीचा हिशेब. गाडी बंद करून सगळं झोपल्यावर किती करंट जातो, हे मोजून दाखवायला सांगावं. साधारण ५० मिलिॲम्पिअरच्या आत असावा. चुकीच्या जोडणीमुळे २०० गेला, तर ३५ ॲम्पिअर-अवरची बॅटरी आठवड्याभरात रिकामी. दिवाळीला गावी जाऊन आलेल्याची गाडी का सुरू होत नाही, याचं कोडं बरेचदा इथेच सुटतं.

विम्याचंही ऐक. जुन्या मोटर टॅरिफमध्ये चोरीविरोधी यंत्राला सवलत होती: ओन डॅमेज हप्त्यावर अडीच टक्के, तीही जास्तीत जास्त ५०० रुपये. यंत्राला पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेची मान्यता लागायचीच, शिवाय ते नीट बसवल्याचा दाखला ऑटोमोबाईल असोसिएशनने द्यावा लागायचा. टॅरिफ लिहिणाऱ्यांनाही नुसत्या डब्यावर भरवसा नव्हता तर!

याच येलहंक्यात, २०१९ च्या फेब्रुवारीत एअरो इंडिया या विमान प्रदर्शनाच्या पार्किंगमध्ये सुमारे ३०० गाड्या जळाल्या. आग वाळल्या गवतातून पसरली, वायरिंगचा दोष नव्हता. पण नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर अशा वेळी स्वतःच्या गाडीचे पैसे मिळत नाहीत. आणि फुल पॉलिसी असली, तरी आग कापलेल्या वायरीतून लागली असेल तर सर्व्हेअर खोदून खोदून विचारणारच.

एक मात्र लक्षात ठेव. अलार्म नुसता ओरडतो; इंजिन अडवतो तो इमोबिलायझर. बऱ्याच गाड्यांच्या किल्लीत तो कंपनीनेच दिलेला असतो. तुझ्या गाडीत असेल, तर सेंट्रल लॉक आणि सायरन एवढ्यावर भागेल. इग्निशनची वायर तोडून दुसरा कट-ऑफ घालू देऊ नकोस, दुकानदार कितीही गळी उतरवो.

काम चालू असताना गाडीपाशीच थांब आणि किल्ली सोडून चहाला जाऊ नकोस. दोन्ही रिमोट, अलार्मचा बदललेला पिन, कोणती वायर कुठे जोडली त्याचा कागद आणि जीएसटीचं बिल हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस.

तुझा,
काका