उपचार अर्ध्यावर सुटू नयेत म्हणून

मॅरेथॉन ही ४२.१९५ किलोमीटरची शर्यत मुंबईत २००४ पासून भरत आली आहे, आणि तिच्या निमित्ताने सामाजिक कामांसाठी देणग्या गोळा करण्याची प्रथा आता चांगलीच रुजली आहे. त्याच प्रथेला अनुसरून प्रस्तुत लेखकाने परळच्या एका रुग्णालयातील बालकर्करोग विभागासाठी धावण्याचे ठरवले. पहाटेचा सराव हळूहळू अंगवळणी पडला. देणगी नेमकी कशासाठी मागायची, हे उमगायला मात्र विभागातील समाजसेवकांपाशी बराच काळ बसावे लागले.

देणगीदार प्रथम औषधांचाच खर्च विचारतात. वास्तविक केमोथेरपीचा, म्हणजे कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या औषधोपचाराचा, बराच भार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या शासकीय योजना उचलू शकतात. परंतु बापाची बुडालेली मजुरी, मुंबईतल्या खोलीचे भाडे आणि घरी राहिलेल्या भावंडांची आबाळ यांचा हिशेब त्यांत धरलेला नसतो. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, अर्थात अपक्व पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ होणारा रक्ताचा कर्करोग, आणि त्याचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. आरंभीच्या महिन्यांत औषधांमुळे निरोगी पांढऱ्या पेशीही घटत असल्याने, एरवी साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. म्हणूनच मुलाने रुग्णालयाच्या जवळपास राहणे हा उपचाराचाच भाग ठरतो. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन यांचे मोल इथे कळते, कारण तिथे जागा मिळाली नाही तर कित्येक कुटुंबांना पदपथावर दिवस काढावे लागतात.

याहून अवघड टप्पा पुढे येतो. तीव्र उपचार संपल्यावर दीर्घकाळ गोळ्या आणि ठरावीक तारखांच्या तपासण्या सुरू राहतात. मुलाचे केस परत उगवलेले असतात, ते खेळू लागलेले असते, घरी कर्ज वाढलेले असते, आणि मूल बरे झाले असे मानून कुटुंब गावी जाते ते परत येत नाही. वैद्यकशास्त्रात याला उपचार-परित्याग म्हणतात. संपन्न देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, तर अनेक गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्या खाली राहते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; उशिरा होणारे निदान आणि औषधांची टंचाई यांच्या जोडीला हा परित्यागही त्या तफावतीस कारणीभूत आहे.

त्यामुळे ‘या मुलांची झुंज हीदेखील एक मॅरेथॉनच आहे’ हे आवाहनांत हमखास येणारे वाक्य लेखकाने आपल्या पत्रकातून कटाक्षाने वगळले. तीस किलोमीटरनंतर स्नायूंतील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, सरत आली आणि परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ समोर उभा राहिला, तेव्हा पाय खरोखरच उचलत नव्हते. तरीही ते अंतर स्वखुशीने निवडलेले होते, शेवट कुठे आहे ते ठाऊक होते, पाणी घेऊन स्वयंसेवक उभे होते, आणि थांबण्याची मुभा होती. वॉर्डातल्या मुलाला यांतले काहीही मिळालेले नसते. त्याच चढावर सदऱ्यावरचे विभागाचे नाव वाचून एक अनोळखी गृहस्थ काही पावले सोबत चालले आणि आपला मुलगा तिथेच बरा होऊन आता बारावीला असल्याचे त्यांनी सांगितले. सगळ्या तारखा पाळल्या, गावची जमीन गहाण पडली तरी एकही चुकवली नाही, हे त्यांनी आवर्जून जोडले.

जमलेला निधी यंत्रसामग्रीऐवजी या तारखांसाठी खर्च व्हावा, अशी विनंती लेखकाने केली आणि विभागाने ती मान्य केली. त्यातून आता तपासणीला न आलेल्या मुलांच्या घरी समाजसेवक फोन करतात, प्रवासाचे पैसे पाठवतात, आणि मुक्कामाची सोय झाल्याचे कळवूनच पुढची तारीख देतात.