सोनेरी अक्षरें

आमच्या ज्येष्ठ बंधूंचें सहस्रचंद्रदर्शन गेल्या माघ महिन्यांत झालें. निमंत्रणपत्रिकेचें काम घरच्या मंडळींनीं आमच्याकडे सोंपविलें. कारण शुद्धलेखनाची चूक आमच्या नजरेंतून सुटत नाहीं, अशी सर्वांची समजूत आहे. चूक झाली, परंतु ती शुद्धलेखनाची नव्हे, हें आरंभींच सांगतों.

नातवानें संगणकावर पत्रिका रचून दाखविली. गर्द किरमिजी कागद व त्यावर नाजूक सोनेरी अक्षरें! पडद्यावर तीं झळकत होतीं. जैनांच्या कल्पसूत्राच्या कांहीं जुन्या पोथ्या तांबड्या वा निळ्या भूमीवर सोन्यानें लिहिलेल्या आहेत, हें आम्हांस ठाऊक होतें. तसेंच कांहीं आपल्या घरीं होणार म्हणून आम्ही हरखलों. छापखानदार मात्र साशंक होता. "गुरुजी, गडद कागदावर सोनेरी शाई एका छापांत उठत नाहीं. खालीं स्क्रीननें पांढऱ्या शाईचें अस्तर देऊं. तें वाळलें कीं वर सोनेरी छापूं. आणि अक्षरें थोडीं जाड घ्या." अस्तर म्हणजे दुसरा छाप, व दुसरा छाप म्हणजे दुसरा खर्च. खडूचा शेवटचा तुकडाहि वाया न घालविणाऱ्या आम्हांस तो मानवला नाहीं.

दोनशें पत्रिका आल्या. अक्षरें हळदीच्या जुन्या डागासारखीं मळकट. अनुस्वार तर कागदांत बुडून गेलेले. छापखानदारानें कारण उलगडून सांगितलें. सोनेरी शाईंत सोनें नसतेंच. तांबें व जस्त यांच्या मिश्रणाचे, म्हणजे पितळेचेच, अतिसूक्ष्म पापुद्रे असतात. (रुपेरी शाईंत ते ॲल्युमिनियमचे.) हे पापुद्रे गुळगुळीत पृष्ठावर आडवे निजले, तरच सारे मिळून प्रकाश परतवितात. खरबरीत कागद शाईंतील तेलकट द्रव पिऊन टाकतो, पापुद्रे वेडेवांकडे बसतात आणि झळाळी जाते. शिवाय ऑफसेट छपाईंत शाईचा थर मिलिमीटरच्या एकदोन सहस्रांशाएवढाच. पापुद्र्यांच्या फटींतून खालचा काळोख वर डोकावतो. पोथींतील लेखक खऱ्या सोन्याची पूड डिंकांत खलून लिहीत व वर घोटून चकाकी आणीत. आमच्या पत्रिकेंत ना तें सोनें, ना ते कष्ट!

बंधूंनीं पत्रिका हातीं घेतली, उजेडाकडे तिरपी धरली आणि "छान झाली आहे" म्हणाले. आम्हांस हायसें वाटलें. पण रात्रीं पाहतों तों ते दिव्याखालीं भिंग घेऊन तीच पत्रिका न्याहाळीत बसलेले. आमची चाहूल लागतांच त्यांनीं हळूच विचारलें, "बापू, यांत आईचें नांव घातलें आहेस ना रे?"

नांव होतें; तिसऱ्याच ओळींत होतें. आम्हीं तें वाचून दाखविलें, पण आवाज नीट निघेना. वडील वारले तेव्हां आम्ही आठ वर्षांचे होतों. बंधूंनीं कॉलेज सोडून नोकरी धरली, म्हणूनच आम्ही मॅट्रिक झालों व पुढें संस्कृतहि शिकलों. त्या वेळीं त्यांनीं खर्चाचा हिशेब मांडला असता, तर आज आमच्या नांवामागें 'गुरुजी' हें पद लागलें नसतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही छापखान्यांत गेलों. अक्षरें जाड केलीं, कागद गुळगुळीत निवडला, खालीं पांढरें अस्तर दिलें व तें पूर्ण वाळूं दिलें. दोन छाप केसभर जरी सरकले तरी अक्षरांना पांढरी किनार दिसते. म्हणून पहिल्या दहा प्रती आम्हीं स्वतः तपासल्या. खर्च दुप्पट झाला, आणि पहिल्या पत्रिकांचा गेला तो वेगळाच.

नवी पत्रिका बंधूंनीं भिंगाशिवाय वाचली. तिसऱ्या ओळीशीं क्षणभर थांबले, तीवरून बोट फिरविलें आणि पुनः आरंभापासून, या वेळीं मोठ्यानें, वाचूं लागले.